विम्याचा हप्ता ठरतो कसा? ॲक्च्युअरीच्या वहीतलं गणित

बहुतेक धंद्यांत वस्तू आधी तयार होते, तिला किती खर्च आला ते कळतं आणि मग तिची किंमत ठरते. विम्यात हा क्रम उलटा आहे. हप्ता आज घ्यायचा, आणि त्याच्या बदल्यात दिलेलं वचन पाळायला किती पैसे लागले हे कळणार वर्षभराने, दहा वर्षांनी, कधी कधी पन्नास वर्षांनी. तोवर पॉलिसी विकून झालेली असते. दावे जास्त आले म्हणून जुन्या ग्राहकांकडे परत जाऊन वरचे पैसे मागायचे, हे वरातीमागून घोडं झालं. तशी सोय सहसा करारातच नसते. म्हणून न झालेल्या खर्चाचा आधीच हिशेब मांडणारं एक शास्त्र उभं राहिलं. ते जाणणाऱ्याला ॲक्च्युअरी म्हणतात, मराठीत विमागणितज्ञ.

नवख्या माणसाचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: मी किती वर्षं जगणार हे या लोकांना कसं कळतं? त्यांना ते कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही. हे एकदा नीट समजलं की पुढचं बरंच सोपं होतं, म्हणून इथे जरा थांबू.

समजा, एकाच वयाची १०,००० माणसं आहेत. प्रत्येकाचा एका वर्षाचा विमा आहे, विम्याची रक्कम १ लाख. या वयात वर्षभरात मृत्यू येण्याची शक्यता हजारात एक आहे असं मानू. म्हणजे वर्षाला सरासरी १० मृत्यू, १० लाखांचे दावे, आणि ते १०,००० जणांत वाटले तर प्रत्येकी १००. याला शुद्ध हप्ता म्हणतात. यात कंपनीचा खर्च नाही, नफा नाही, फक्त जोखमीची किंमत आहे.

पण सरासरी १० याचा अर्थ दरवर्षी बरोबर १० असा नाही. एखाद्या वर्षी ६ होतील, एखाद्या वर्षी १५. हा चढउतार किती असेल तेही मोजता येतं. त्याच्या मापाला प्रमाण विचलन म्हणतात. इथे ते साधारण ३.२ येतं, आणि बहुतेक वर्षी आकडा सरासरीपासून त्याच्या दुपटीच्या आत, म्हणजे ४ ते १६ च्या दरम्यान राहील. आता नेमका १०० हप्ता घेतला तर काय होईल? दर दहापैकी साधारण चार वर्षी मृत्यू १० पेक्षा जास्त होतील आणि गंगाजळी अपुरी पडेल. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शंभरातल्या ९७ वर्षी तरी पैसे पुरावेत असं वाटत असेल, तर १६ मृत्यूंची तयारी हवी. म्हणजे हप्ता १६०.

आता हेच गणित १० लाख माणसांवर करा. सरासरी मृत्यू १,०००, प्रमाण विचलन सुमारे ३२. तेवढ्याच खात्रीसाठी आता साधारण १,०६० मृत्यूंची तयारी पुरते आणि हप्ता १०६ वर येतो. माणसं शंभरपट झाली, तर डोक्यामागचा चढउतार दहापट कमी झाला. प्रत्येकाची जोखीम होती तेवढीच आहे, कुणाचंही आयुष्य वाढलेलं नाही, तरी प्रत्येकाचा हप्ता १६० वरून १०६ वर आला, केवळ एकत्र आल्यामुळे. मोठ्या संख्यांचा हा नियम याकोब बर्नुलीने सिद्ध केला आणि त्याच्या मृत्यूनंतर १७१३ साली तो छापला गेला. मला तो गणितातला सर्वांत माणुसकीचा नियम वाटतो.

मात्र या हिशेबात एक अट गुपचूप आत आली आहे: एकाच्या मृत्यूचा दुसऱ्याच्या मृत्यूशी संबंध नाही. आपण तिच्याकडे परत येऊ, कारण विम्यातली मोठी संकटं बहुतेक त्याच वाटेने येतात.

आधी हा प्रश्न, की हजारात एक हा आकडा आणायचा कुठून? मेलेल्या माणसांच्या नोंदींतून. लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची यादी छापली जाई. जॉन ग्राँट नावाच्या कापडाच्या व्यापाऱ्याने १६६२ मध्ये त्या याद्या पिंजून काढून मृत्यूंतही नियमितपणा असतो हे दाखवलं. पण त्या याद्यांत वयच नव्हतं. वय होतं ते ब्रेस्लाउ या शहराच्या नोंदींत, आणि त्या पोहोचल्या एडमंड हॅलीकडे. धूमकेतूवाला हॅली, तोच. त्याने १६९३ मध्ये त्यांतून एक तक्ता तयार केला. १ वर्षाच्या वयापाशी १,००० पासून सुरुवात केली, तर २० व्या वर्षी ५९८ उरतात, ४० व्या वर्षी ४४५, ४७ व्या वर्षी ३७७.

या तक्त्यातून हॅलीने काय काढलं ते बघण्यासारखं आहे. चाळिशीतला माणूस आणखी सात वर्षं जगेल का? ४४५ पैकी ३७७ उरतात, ६८ जातात. म्हणजे जगण्याची बाजू मरण्याच्या साडेपाचपट भारी. तीस वर्षांचा माणूस साधारण किती जगेल? तिशीत ५३१ आहेत. त्यांचे निम्मे, म्हणजे २६५, होतात ५७ आणि ५८ वयाच्या मधे. म्हणजे आणखी २७-२८ वर्षं. वजाबाकी आणि भागाकार, दुसरं काही नाही. आणि तरीही इंग्लंडचं सरकार त्या काळी वर्षासनं विकताना गिऱ्हाइकाचं वय विचारात घेत नसे. मरेपर्यंत दरवर्षी ठरलेली रक्कम मिळण्याचा हक्क लहान मुलाला आणि म्हाताऱ्याला एकाच भावात! हॅलीने तक्ता पुढे ठेवून हा भाव किती चुकीचा आहे ते दाखवलं.

वयाचा प्रश्न आयुर्विम्यातही होताच. वय वाढतं तशी जोखीम वाढते, आणि ती सरळ रेषेत वाढत नाही. ज्यूंना विद्यापीठाची दारं बंद होती म्हणून स्वतःच गणित शिकलेल्या बेंजामिन गोम्पर्ट्झने १८२५ मध्ये दाखवलं, की प्रौढ वयात मृत्यूची जोखीम चक्रवाढीने वाढते. आजच्या तक्त्यांत ती साधारण दर आठ वर्षांनी दुप्पट होते. चाळिशीत शुद्ध हप्ता १०० असेल तर ४८ व्या वर्षी २००, ५६ व्या वर्षी ४००, ६४ व्या वर्षी ८००. म्हणजे गरज सर्वांत जास्त तेव्हाच विमा परवडेनासा होणार.

यावरचा उपाय गोम्पर्ट्झच्याही आधीचा, जेम्स डॉडसन या गणिताच्या मास्तरांचा. तेव्हाच्या एका विमा मंडळाने वय जास्त म्हणून त्यांना नाकारलं, आणि ते कागद-पेन्सिल घेऊन बसले. त्यांनी मांडलेली कल्पना अशी, की हप्ता जन्मभर एकसारखा ठेवायचा. तरुणपणी माणूस जोखमीपेक्षा जास्त भरतो. ते जादा पैसे बाजूला राहतात, त्यांवर व्याज चढतं आणि म्हातारपणी हप्ता अपुरा पडतो तेव्हा ते कामी येतात. डॉडसन १७५७ मध्ये गेले. त्यांच्या गणितावर १७६२ मध्ये लंडनमध्ये इक्विटेबल ही संस्था निघाली आणि ॲक्च्युअरी हे पदनाम विम्यात पहिल्यांदा तिथेच वापरलं गेलं. हे बाजूला ठेवलेले पैसे म्हणजे राखीव निधी. तिजोरीत भरपूर दिसतात, पण ते कंपनीचे नसतात, पुढच्या दाव्यांचे असतात. हा फरक विसरून पैसे उधळले की विमा कंपनी आतून पोकळ होत जाते आणि बाहेरून कित्येक वर्षं धडधाकट दिसते.

निधी आला की व्याज आलं. वीस वर्षांनी १ लाख द्यायचे असतील तर आज किती बाजूला ठेवावे? ५ टक्क्यांनी पैसे वाढणार असतील तर सुमारे ३७,७००. ७ टक्के धरले तर फक्त २५,८००. ३ टक्के धरले तर ५५,४००. वचन तेच, मुदत तीच. व्याजाचा अंदाज चार टक्क्यांनी इकडचा तिकडे झाला की आजची किंमत दुपटीहून जास्त बदलते. दीर्घ मुदतीच्या विम्यात आणि पेन्शनमध्ये मृत्यूच्या तक्त्यापेक्षा हा एक आकडा जास्त झोप उडवतो.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण पुन्हा त्या इक्विटेबलचंच आहे. १९५७ ते १९८८ या काळात तिने पेन्शनच्या पॉलिसींत एक हमी दिली होती: निवृत्तीच्या वेळी तुमच्या साठलेल्या रकमेवर निदान इतक्या दराने वर्षासन मिळेल. व्याजदर चढे होते तेव्हा बाजारात त्याहून चांगला दर मिळायचा, म्हणून ती हमी कुणी वापरत नसे आणि तिची किंमत कुणी वेगळी धरली नाही. १९९० च्या दशकात व्याजदर घसरले, माणसंही जास्त जगू लागली. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने गेल्या आणि हमीचा दर बाजारापेक्षा भारी ठरला. संस्थेने हमीवाल्यांचा अखेरचा बोनस, म्हणजे मुदत संपताना नफ्यातून मिळणारी जादा रक्कम, कापून तोंडमिळवणी करायचा प्रयत्न केला. जुलै २००० मध्ये ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सने, तसं करता येणार नाही असा निकाल दिला. सुमारे दीड अब्ज पौंडांचा बोजा अंगावर आला आणि त्याच डिसेंबरमध्ये दोनशे अडतीस वर्षांच्या त्या संस्थेने नवीन ग्राहक घेणं बंद केलं.

माणसं किती होती यावर इथे काहीच अवलंबून नव्हतं. एकाचा मृत्यू दुसऱ्याला कळत नाही, पण व्याजदर घसरला की सगळ्या पॉलिसींसाठी एकाच दिवशी घसरतो. दहा हजार असोत की दहा लाख, चढउतार एकमेकांना खोडत नाहीत. अशी हमी म्हणजे खरं तर एक ऑप्शन असतो, म्हणजे हवं तर वापरायचा हक्क. त्याची किंमत काढायची रीत फिशर ब्लॅक, मायरन शोल्स आणि रॉबर्ट मर्टन यांनी १९७३ मध्ये दिली. विमा आणि शेअर बाजार यांचं गणित एकत्र येतं ते इथे.

वाहन, आग, आरोग्य असल्या विम्यात दोन गोष्टी वेगळ्या मोजतात: दावे किती येतात आणि एकेक दावा केवढा असतो. पण मला त्यातलं सर्वांत सुंदर काम वाटतं ते उशिरा येणाऱ्या दाव्यांचं. अपघात या वर्षी झाला तरी दावा पुढच्या वर्षी येऊ शकतो, कोर्टात गेला तर आणखी पुढे. मग आज वर्ष बंद करताना, घडून गेलेल्या पण अजून दारात न आलेल्या दाव्यांसाठी किती ठेवायचं? त्यासाठी एक त्रिकोण मांडतात:

पहिलं वर्ष: ४००, ६००, ६६०
दुसरं वर्ष: ४४०, ६६०
तिसरं वर्ष: ५००

पहिल्या वर्षी झालेल्या अपघातांपोटी पहिल्या वर्षाअखेर ४०० दिले होते, वर्षभराने एकूण ६००, आणखी वर्षाने ६६०. दुसऱ्या ओळीचे दोनच आकडे माहीत आहेत, तिसरीचा एकच. आता खाली वाचत जा. पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर जाताना रक्कम दीडपट होते, दोन्ही ओळींत. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाताना १.१ पट. मग दुसऱ्या वर्षाचं अखेरचं बिल ६६० गुणिले १.१ म्हणजे ७२६, आणि तिसऱ्याचं ५०० गुणिले १.५ गुणिले १.१ म्हणजे ८२५. दिलेले वजा केले की दुसऱ्या वर्षापोटी ६६ आणि तिसऱ्यापोटी ३२५, एकूण ३९१ बाजूला ठेवायला हवेत. त्रिकोणाचा रिकामा अर्धा भाग असा भरतात. मी पहिल्यांदा हाताने तो भरला तेव्हा थरारून गेलो होतो: अजून कुणी मागितलेले नाहीत असे पैसे कागदावर दिसत होते.

या रीतीमागचं गृहीतक साधं आहे: दावे पूर्वी ज्या चालीने आले त्याच चालीने येतील. ते मोडतं तेव्हा फार वाईट मोडतं. ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्या माणसांना आजार दिसला तो कित्येकदा वीस-चाळीस वर्षांनी, आणि त्याचे दावे अशा जुन्या पॉलिसींवर आले, ज्यांचा हिशेब मिटला असं सगळे समजून बसले होते. कुठल्याच त्रिकोणात त्यांची चाहूल नव्हती.

माणसांची वर्गवारी करावी का, हा प्रश्न मात्र नुसत्या गणिताचा नाही. समजा निम्म्या ग्राहकांची जोखीम ५० ची आहे, निम्म्यांची १५० ची, आणि सगळ्यांना १०० हप्ता लावला. ५० वाल्यांना तो महाग वाटतो, ते निघून जातात. उरलेल्यांची सरासरी १५० होते. शिल्लक राहिलेल्यांतही कमीजास्त असतंच, मग पुन्हा तेच, आणि शेवटी गटच उरत नाही. एका बाजूला माहिती आणि दुसरीकडे नाही, अशा बाजाराचं हे दुखणं जॉर्ज ॲकरलॉफने १९७० मध्ये मांडलं. पण म्हणून माणसांना बारीक बारीक चाळत गेलो, तर ज्याला विम्याची खरी गरज आहे तोच चाळणीतून बाहेर पडतो. रेष कुठे ओढायची हे समाजाने ठरवायचं असतं. युरोपीय न्यायालयाने मार्च २०११ मध्ये स्त्री-पुरुषांना वेगळा हप्ता लावायला मनाई केली आणि २१ डिसेंबर २०१२ पासून ती लागू झाली. स्त्रिया सरासरीने जास्त जगतात हे तक्ते सांगतच राहिले, पण ते आकडे हप्त्यात वापरायचे नाहीत असं ठरलं. असं ठरवण्याचा हक्क समाजाला आहे असंच मी मानतो. ॲक्च्युअरीचं काम त्याची किंमत किती आणि ती कुणावर पडते हे स्वच्छ सांगण्याचं.

आता त्या गुपचूप आलेल्या अटीकडे येऊ. ऑगस्ट १९९२ मध्ये अँड्र्यू हे चक्रीवादळ फ्लोरिडावर आदळलं आणि अनेक विमा कंपन्या बुडाल्या. त्यांच्याकडे घरं हजारोंनी होती, पण ती एकाच पट्ट्यात होती. आग एका घराला लागते, वादळ सगळी छपरं एकदम उडवतं. तिथे दहा हजार घरं म्हणजे एकच मोठं घर. मागची वीस-तीस वर्षं चाळून अशा वादळाचा हप्ता निघत नाही, कारण त्या वर्षांत ते आलेलंच नसतं. म्हणून आता संगणकावर हजारो काल्पनिक वर्षं चालवतात, प्रत्येकात वादळाची वाट आणि जोर वेगळा, आणि नुकसान मोजतात. जे पेलणार नाही ते पुनर्विम्याने, म्हणजे विमा कंपनीने स्वतःचाच विमा उतरवून, दूरच्या, वेगळ्या संकटांच्या कंपन्यांवर सोपवतात. कर्जांच्या बाबतीतही हेच. एक कर्ज बुडालं तर दुसऱ्याचं काय, हा प्रश्न हलक्यात घेऊन गृहकर्जांची गाठोडी सुरक्षित म्हणून विकली गेली, आणि अमेरिकेत घरांच्या किमती सगळीकडे एकाच वेळी पडू लागल्या तेव्हा, २००७-०८ मध्ये, ती एकदम फुटली.

युरोपात २०१६ पासून नियम आहे, की दोनशे वर्षांत एकदाच येईल एवढं वाईट वर्ष निभावता येण्याइतकं भांडवल विमा कंपनीकडे हवं. आपल्या हातात विश्वासार्ह नोंदी मात्र बऱ्याचदा पाचपन्नास वर्षांच्याच असतात. त्यामुळे इथे सूत्राइतकाच ते वापरणाऱ्याचा विवेक लागतो, ताक फुंकून प्यावं लागतं.

रोजचं काम मात्र इतकं नाट्यमय नसतं. वर्षाअखेर दोन आकडे शेजारी शेजारी मांडायचे: अपेक्षित आणि प्रत्यक्ष. आपल्या १०,००० माणसांच्या गटात १० मृत्यू अपेक्षित होते आणि १३ झाले असं समजा. तक्ता चुकला का? तक्ता बरोबर असला तरी १३ किंवा जास्त मृत्यू साधारण पाचातल्या एका वर्षी होणारच. तेव्हा आरडाओरडा करण्यासारखं काही नाही. १० लाखांच्या गटात १,००० च्या जागी १,३०० झाले असते तर गोष्ट वेगळी. तो नशिबाचा खेळ असूच शकत नाही, तक्ता फाडून नवा करायला हवा.

पण १३ कडे अगदीच डोळेझाकही करता येत नाही. स्वतःच्या अनुभवाला किती वजन द्यायचं याची एक जुनी रीत आहे. पूर्ण भरवसा ठेवायला १,०८२ घटना लागतात, कारण तेवढ्या झाल्या की अंदाज दहापैकी नऊ वेळा पाच टक्क्यांच्या आत राहतो. आपल्याकडे १३ आहेत. १३ भागिले १,०८२, त्याचं वर्गमूळ: साधारण ०.११. म्हणून गटाच्या स्वतःच्या अनुभवाला, म्हणजे १३० ला, ११ टक्के वजन आणि तक्त्याच्या १०० ला ८९ टक्के. पुढच्या वर्षीचा शुद्ध हप्ता १०३.